तीन छिद्रांचे लाल बूट

प्रिय अक्का,

काल भावोजी म्हणाले, "हे तुझ्या अक्काला कळवायला पाहिजे बघ. माझं अक्षर तिला कधी लागलं नाही, तूच लिही." आज कोर्टाला सुट्टी आहे, म्हणून बसलोय लिहायला. शुद्धलेखन तपासत बसू नकोस. पस्तीस वर्षं शाळेत लाल शाई चालवलीस, आता तरी विश्रांती घे!

दवाखान्यात तू माझ्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्यास, आठवतं? एक, मी पोट कमी करायचं. दोन, भावोजींना घरात बसू द्यायचं नाही; तुमचा दोघांचा रोज संध्याकाळचा केलगेरीच्या तळ्यापर्यंतचा फेरा चालू ठेवायचा. मी लगेच हो म्हटलं. हो म्हणायला वकिलाचं काय जातं!

खरं सांगतो, आठ महिने यातलं काहीच झालं नाही. भावोजी फाटकाबाहेर पाऊल टाकेनात. दूध दारात, भाजी दारात, आणि ते व्हरांड्यातल्या खुर्चीत. दर रविवारी मी उणकलहून गाडीने धारवाडला यायचो, चहा प्यायचो आणि म्हणायचो, "चला, तळ्यापर्यंत जाऊन येऊ." ते म्हणायचे, "उद्या." आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. हो, सुटल्यासारखं! त्या रस्त्यावर तुझ्याशिवाय चालायची मलाही भीती वाटत होती. हे तुला आवडणार नाही, पण तुझ्याशी खोटं बोलून मी कधी सुटलोय?

शेवटी माझी मलाच लाज वाटली आणि मी सायकल घेतली. हसू नकोस. बेत चांगला होता. सकाळी सायकलने धारवाडच्या कोर्टात जायचं, संध्याकाळी परतताना तुमच्या घरी उतरायचं आणि भावोजींना बाहेर काढून चालायचं. एका दगडात तुझ्या दोन्ही अटी!

आता बूट असे हवेत की सायकलवरही चालतील आणि रस्त्यावरही. हुबळीतल्या सायकलच्या दुकानात मालकीणबाई स्वतः बसतात. त्यांनी मला अगदी तुझ्यासारखं, दोनदा समजावलं. या बुटांच्या तळाला एक तुकडा बसवतात, त्याला क्लीट म्हणतात. तो पायडलमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. काही बुटांच्या तळाला दोन छिद्रं असतात. त्यांची क्लीट लहान, रबरी तळव्यात आत दडलेली, चालताना जमिनीला फारशी लागत नाही. काहींना तीन छिद्रं असतात. त्यांची क्लीट मोठी, बाहेर आलेली, आणि तळ दगडासारखा कडक. ते शर्यतवाल्यांचे. ज्या प्रकारचा बूट त्याच प्रकारचं पायडल, अदलाबदल चालत नाही.

"तुम्हाला उतरून चालायचंय ना सर?" बाई म्हणाल्या. "मग दोन छिद्रांचे घ्या. नाहीतर सरळ रुंद, साधं पायडल बसवा आणि घरचेच बूट घाला."

मी मान डोलावली, घरी आलो आणि मोबाईलवर तीन छिद्रांचे मागवले. का? लाल होते, अक्का! चकचकीत लाल. खाली काय लिहिलंय ते वाचलंच नाही. आयुष्यभर पक्षकारांना "न वाचता सही करू नका" सांगणारा मी! बूट परत करायचे तर चूक कबूल करावी लागली असती. त्यापेक्षा मी पायडलच त्या बुटांजोगं घेतलं. बाई ते बसवून देताना एवढंच म्हणाल्या, "सावकाश, सर."

पहिल्याच दिवशी कोर्टात घालायचे काळे बूट पिशवीत टाकायचे राहिले. झालं! दिवसभर कोर्टाच्या फरशीवर टक टक, टक टक. पुढे बोटं वर, मागे टाच खाली, असा मी भिंतीला धरून चाललो होतो. आमचे म्हातारे शिरस्तेदार चष्म्यावरून बघत म्हणाले, "वकील साहेब्र, कुदुरी एल्लि कट्टीरि?" घोडा कुठे बांधलात म्हणे! पुढची तारीख घ्यायला उभा राहिलो तेव्हा समोरचा पक्षकारसुद्धा हसत होता.

संध्याकाळी तुमच्या फाटकाशी आलो. भावोजी खुर्चीतच होते. मी रुबाबात ब्रेक लावला, हात वर केला आणि टाच वळवायची विसरलो.

अक्का, माणूस धाडकन पडला तर त्यात निदान काही मर्दुमकी असते. मी सावकाश पडलो. दोन्ही पाय पायडलला अडकलेले, हात अजून वर, आणि मी तसाच कलत कलत तुझ्या जास्वंदीवर. जास्वंद वाचली. माझी पँट नाही वाचली.

"अय्यो! एनातो सुधीर, काय झालं?" ओरडत भावोजी आले. अनवाणी, धावत, फाटक उघडून थेट रस्त्यावर! माझा पाय सोडवायला वाकले, बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागले. थांबेचनात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. आम्ही दोघे तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसलो. आठ महिन्यांनी भावोजी फाटकाबाहेर बसले होते.

थोड्या वेळाने मीच म्हटलं, "आता बाहेर आलातच, तर चला तळ्यापर्यंत."

"ह्या नालांवर?" ते म्हणाले. मी उठलो, डांबरावर चार पावलं टाकली, पाचव्याला घसरलो आणि त्यांचाच दंड धरला. भावोजी आत गेले. मला वाटलं, झालं, आता म्हणणार, उद्या.

ते तुझे चालायचे बूट घेऊन आले.

तेच करड्या रंगाचे. तेराव्याला नवी चप्पल आणि छत्री दान दिली, तुझ्या साड्या बायकांनी नेल्या, पण दाराजवळच्या त्या बुटांना हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. मीही दर रविवारी त्यांच्या शेजारीच चपला काढायचो आणि दुसरीकडे बघायचो.

"तुम्हा भावंडांचा नंबर एकच ना?" भावोजींनी विचारलं. एकच! तुझ्या लग्नात तुझ्या मापाची चप्पल मिळेना, म्हणून तू माझी सँडल घालून कार्यालयात आलीस आणि मी दिवसभर अनवाणी फिरलो. त्या सँडलची भरपाई तू कधी केलीस का, सांग! तू चार वर्षांनी मोठी, म्हणून गप्प बसलो.

लेस तू बांधल्या होत्यास तशाच होत्या, दुहेरी गाठीच्या. देवळाबाहेर अदलाबदल होऊ नये म्हणून आतल्या गादीवर लाल शाईने घातलेलं तुझं नावही तसंच. भावोजी पायरीवर बसून त्या गाठी सोडवत राहिले. मी म्हटलं, "द्या इकडे." म्हणाले, "राहू दे, मला येते तिची गाठ." बराच वेळ लागला. मी जास्वंदीची पानं मोजत उभा राहिलो.

मग त्यांनी बूट माझ्यापुढे ठेवले. "घाल. नडी, चल."

आम्ही चाललो, अक्का. तळ्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत ते तुझ्याबद्दल इतकं बोलले की मला मध्ये एक वाक्य टाकायला मिळालं नाही. वकिलाला!

दुसऱ्या दिवशी मी लाल बूट घेऊन दुकानात गेलो. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. रुंद, साधं पायडल बसवलं, वर बारीक दाते असलेलं. पाय घसरत नाही, अडकतही नाही. आणि तेव्हापासून रोज उणकल ते धारवाड, धारवाड ते तळं, तुझेच बूट. काळे बूट कोर्टात कपाटात ठेवलेत.

तर काल तळ्यावर बसून भावोजींनी माझा पाय उचलून तळवा बघितला. दात्यांनी रबर कुरतडलंय. टाचही एका बाजूने बसलीय. मला वाटलं, वाईट वाटलं त्यांना, म्हटलं, "उद्यापासून माझे घालतो. हे जपून ठेवू." तर कसले चिडले! "ठेवायला होते का ते? आठ महिने ठेवलेच होते की!" आणि मग म्हणाले, तुला कळवायला पाहिजे. म्हणून हे कळवणं. तुझे बूट झिजतायत.

एक वचन देतो, आणि हे वकिलाचं नव्हे. हे बूट पार झिजेपर्यंत घालीन. फाटले की भावोजींना घेऊन दुकानात जाईन, आपल्याच नंबराचे नवे घेईन, आणि आत लाल शाईने तुझं नाव भावोजी घालतील. अक्षर लागणार नाही तुला, पण चालवून घे.

तुझ्याच नंबराच्या पायांचा,
सुधीर