दारातला सलाम

बिमा, मंगळवार

आईस, समुद्रापलीकडून तुझ्या मोठ्याचा सलाम.

मी ठणठणीत आहे. तू दिलेलं मिरचीचं सांबल संपत आलंय, म्हणजे जेवतोय हे समज.

वर्गाचं मात्र आता खरं सांगतो. त्रेचाळीस पोरं, एक ऐकेल तर शपथ. हेडबाई म्हणाल्या, "जुनैदी सर, तुमच्या ओरडण्याने शेजारचा वर्ग गप्प बसतो. तुमचा कधी बसणार? सोमवारी येऊन बघते, नाहीतर तिसरीचा वर्ग दुसऱ्या कुणाकडे देते."

चूक माझीच. सकाळी दारात प्रत्येक पोराने सरांचा हात कपाळाला लावून आत यायचं, ही आपली रीत मी वेळ वाचवायला बंद केली होती. शेवटी वुलान नावाच्या पोरीने सुनावलं, "सर, तुम्ही हात देत नाही. मग आम्ही आलोय हे तुम्हाला कळतं तरी कसं?"

दुसऱ्या दिवसापासून दारात उभा राहिलो. एकीचा हात तापाने भाजत होता, तिला घरी पाठवलं. वुलानच्या हाताला माशांचा वास. पहाटे धक्क्यावर मासे निवडून येते, आणि मी तिला झोपाळू म्हणायचो. मासे विकून शिकलेला मी!

आता पोरं दारातच निवतात. काल हेडबाई तासभर मागे बसल्या. उठताना म्हणाल्या, "राहू द्या तिसरी तुमच्याकडेच."

धाकटी लिहिते, तुझा खोकला थांबला. खरंच थांबलाय ना? नुसत्या पत्रावर आता माझा भरवसा नाही. ईदला येतोय. तुझा हात कपाळाला लावला की कळेलच.

तुझा,
जुनैदी