परिपत्रक क्रमांक ३, कलम ७

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी चहाला मकरंद म्हणाला, तो आणि प्राची शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला फ्लॅट बघतायत. नक्की काही नाही, नुसतं बघतोय. ऑफिस जवळ पडतं म्हणे. एकुलता एक मुलगा, सून गुणी. हिमायतनगरच्या या घरात काय कमी आहे?

दुपारी विचार केला. कमी आहे ती मॅनेजमेंटची. बाथरूमला रांग, दूध रोज उतू, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. सरकारी खात्यात चौतीस वर्षं आस्थापना शाखा सांभाळली. चार माणसांचं घर म्हणजे किस झाड की पत्ती. कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात जाऊन मॅनेजमेंटवरचं एक पुस्तक आणलं. घर सुधारलं की पोरं कुठं जात नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ७.३०
पहिली मीटिंग. पुस्तकाप्रमाणे ती उभ्यानेच घ्यायची असते. हजर: मी, सौ. सरोज (कणीक मळत), कामवाली गंगू. मकरंद दाढी करत होता, त्याने बाथरूममधून भाग घेतला. प्राचीच्या कानात हेडफोन होते. गंगू प्रत्येक मुद्द्याला 'हौ साब' म्हणाली. नंतर त्यातलं काहीही केलं नाही, पण ॲटिट्यूड चांगला आहे.

सरोज म्हणाली, तीस वर्षं हे घर बिनमीटिंगचंच चाललं. मी म्हटलं, तेच तर चुकलं. त्यावर तिने कणीक जोरात मळली.

८ नोव्हेंबर, शनिवार
बल्क पर्चेस. बेगम बाजारातून चिंचेची दोन पोती. सरोजचं म्हणणं, नवी चिंच शिमग्याच्या सुमाराला येते, आत्ता वर्षाची चिंच कोणी भरतं का. बायकांना प्लॅनिंग कळत नाही. पोती तात्पुरती मकरंदच्या खोलीत ठेवली. प्राचीच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागे पोती दिसतात. तिने मुकाट्याने खुर्ची फिरवली. समंजस मुलगी.

पाठ दुखतेय.

१० नोव्हेंबर, सोमवार
मीटिंगला गंगूसुद्धा आली नाही. म्हणून लेखी कारभार सुरू. परिपत्रक १ (गीझर) आणि २ (ओले टॉवेल) फ्रिजवर लावली. जन्मभर इंग्रजीत ड्राफ्ट केले, घरचा कारभार तरी मायबोलीत. गंगू म्हणाली, साब, फ्रिज पो इत्ते कागदां, हाथ किधर लगाऊं. दुर्लक्ष केलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मूळ मुद्दा सापडला. पोरांची खोली लहान, अंधारी, त्यात आता पोती. आमची रस्त्याकडची खोली मोठी, उजेडाची. ती त्यांना द्यायची. मी आणि सरोज चिंचेबरोबर राहू. मग कशाला हवं कोंडापूर?

परिपत्रक ३ मध्ये घातलं. कलम ६ रद्दी, कलम ८ चपला, मध्ये हे: 'कलम ७ : रस्त्याकडील खोली तात्काळ रिकामी करण्यात यावी. सदर खोलीचा ताबा चि. मकरंद व सौ. प्राची यांचेकडे देण्यात येईल.' ड्राफ्टिंग अजून गेलेलं नाही.

सरोजने वाचलं. म्हणाली, अहो, हे तोंडाने सांगा. मी म्हटलं, तोंडी आदेशाला किंमत नसते. खरं म्हणजे सांगायला गेलो होतो. दारापर्यंत गेलो, गीझर बंद केला का विचारून परत आलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सात दिवसांत एकही हरकत नाही. म्हणजे मंजूर. प्राची परवा फ्रिजसमोर बराच वेळ उभी होती, अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. एवढ्या आस्थेने माझं परिपत्रक ऑफिसातही कुणी वाचलं नव्हतं. तेव्हापासून दोघं शांत आहेत, टॉवेलसुद्धा वाळत घालतात. शिस्त लागतेय.

२३ नोव्हेंबर, रविवार
कोंडापूरचा फ्लॅट पक्का. काल करारावर सह्या झाल्या.

इतकी घाई कशाला, विचारलं. मकरंद म्हणाला, बाबा, तुम्हीच लिहिलंत ना. प्राचीने एक एक अक्षर लावून वाचलं होतं: खोली, तात्काळ रिकामी, मकरंद, प्राची. पोती आधीच येऊन पडलेली. त्यांना वाटलं, मला स्टोअररूम हवीय. जायचं की नाही हे तोवर त्यांचं ठरलंच नव्हतं.

फ्रिजवरून कागद काढून कलम सात मोठ्याने वाचलं आणि अर्थ सांगितला. प्राची रडायला लागली. सदर आणि ताबा कुणाला कळतं पप्पा, एवढंच म्हणाली. मकरंद म्हणाला, शाळेत मराठी नको, सेकंड लँग्वेज तेलुगू घे, मार्क पडतात, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणालो होतो.

आता करार मोडता येत नाही. पोरं घरात राहावीत, एवढंच हवं होतं मला. बाकी सगळी कलमं भरतीची होती.

३० नोव्हेंबर, रविवार
सामान बांधणं चालू. मी त्यांच्या दारात उभा राहिलो. येत जा, असं म्हणायचं होतं. म्हटलं, खोक्यांवर आत काय आहे ते लिहा, नाहीतर तिकडे गोंधळ होतो. प्राचीने मार्कर माझ्याच हातात दिला. दुपारपर्यंत सगळ्या खोक्यांवर लिहीत बसलो. इंग्रजीत लिहिलं.