उगारलेल्या हाताचे रकाने

३ मार्च
पोचले एकदाची! सरांचं घर ऐसपैस, माझी खोली उजेडाची, आणि त्यांच्या बायकोने, काकूंनी, आल्या आल्या गरम सूप पुढे ठेवलं. हे काम ऐकून आईने कपाळावर हात मारून घेतला होता. संख्याशास्त्र शिकलेली लेक मेलेल्या राजांचे कपडे मोजणार! पण आहे ते तसंच आहे. प्राचीन इजिप्तच्या चित्रांमधले राजे घ्यायचे आणि मुकुट, आखूड चुणीदार वस्त्र, कमरेमागे लोंबणारं बैलाचं शेपूट, सगळ्याला एकेक रकाना द्यायचा. सरांचं म्हणणं, नुसत्या पोशाखावरून राजा पुढे काय करणार ते सांगता येतं. हे सिद्ध झालं तर शोधनिबंधावर माझंही नाव येईल. मग कॉलेजात मला हसणाऱ्यांची तोंडं बघायला मी मुद्दाम जाईन.

मुलाखतीत सरांनी आकडेमोडीचं काही विचारलंच नाही, नुसता माझा फोटो निरखला. आधीची सहायक आखूड केसांची होती, तिला लगेच घरी पाठवलं म्हणे. अभ्यासिकेत खुर्ची नाही. बुटक्या मेजापुढे गुडघे टेकून बसायचं. हौस एकेकाची.

९ मार्च
लिहिताना केस सारखे कागदावर येतात, म्हणून रोज सकाळी काकू विंचरून बांधून देतात. हात फार मऊ आहे त्यांचा. स्वतःचे केस मात्र मुळापासून कातरलेत, उकाड्याचं कारण सांगतात. सरांनी शिंप्याकडून राजाचा अख्खा पोशाख शिवून घेतलाय, चुण्या अंगावर कशा पडतात ते मोजायला. आज जेवायला शेपूट लावून आले. मला ठसका लागला. काकू हसल्या नाहीत.

१६ मार्च
गाडं अडलंय. उंच मुकुट, आखूड वस्त्र आणि शेपूट असा पूर्ण पोशाख असला की राजा समोर गुडघ्यांवर बसलेल्या कैद्यावर गदा उगारतो. पण नेहमी नाही. काही चित्रांत तोच पोशाख, तसाच कैदी, आणि हात मात्र खाली. मी सरांना म्हटलं, आपण सगळं राजाचंच नोंदतोय, कैद्याचं काहीच नाही. त्याच्यासाठी रकाने वाढवून बघू. सरांचे डोळे भरून आले. इतक्या जणींत हे तुलाच सुचलं, म्हणाले. इतक्या म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

२० मार्च
सापडलं. केस.
कैद्याचे केस मोकळे किंवा कातरलेले असतील तर हात खाली. डोक्यावर उंच बांधलेले असतील तर राजाच्या मुठीत केस आणि गदा वर. एकही अपवाद नाही. मी नाचायला हवं होतं. पण आरशासमोर गेले आणि — काकू माझा बुचडा रोज थोडा वर बांधतायत. आता पार टाळूवर आलाय. कंगवा नीट पाहिला. त्यात माझे नसलेले केस आहेत. तांबूस, सोनेरी, कुरळे. भीती वाटते.

२२ मार्च
सर म्हणाले, चित्रकार नेहमी हात वर असतानाच थांबतो. घाव पडल्यानंतरचं चित्र नाही. तो एक रकाना सगळीकडे रिकामा. आपण भरू, म्हणाले.
बॅग भरली. दाराला बाहेरून कुलूप. फोन सरांकडे —

२३ मार्च
काकूंकडे कात्री मागितली. त्यांनी स्वतःचे केस कापल्यापासून सर घरात कात्री ठेवू देत नाहीत. बुचडा सुटत नाही. रात्री मी झोपेत असताना काकूंनी तो दोऱ्याने शिवलाय. मी त्यांचे पाय धरले.
"माझे केस होते तोवर हे माझ्याकडे बघायचे," काकू हळूच म्हणाल्या. "आता तुझ्याकडे बघतात. मी कशाला मध्ये पडू?"
मग माझी बट नीट आत खोचली.

दुपार
फरशीवर शेपूट घासल्याचा आवाज — येतायत — काकूंनी मला मेजापुढे बसवलं. गुडघ्यांवर.
मान खाली घालून लिहीत राहा, म्हणतात सर. नोंद चुकायला नको.
आई, मला —
पोशाख पूर्ण. केस मुठीत. हात वर.
पुढचा रकाना —