ढोंग्याच्या घराची व्यवस्था

मी, पारूबाई रोहिदास सोनावळे, वय आधार कार्डावर ब्याऐंशी आणि खरं त्याहून दोन-तीन जास्त, राहणार भिवपुरी स्टेशनच्या बाजूला, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. शाळा तिसरीपर्यंत झाली, त्यातही एक वर्ष मास्तरच आजारी होते, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. मी पूर्ण शुद्धीवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून फसवलेलं नाही. गोड बोलणारं आमच्या घरात कोणी नाहीच.

शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. वकील म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला तो लागतोच. डॉक्टरने विचारलं, "आजी, शंभरातून सात गेले तर किती?" मी विचारलं, "कोनी नेले?" मग त्याने वार विचारला. मी म्हटलं, "सोमवार. पन तुमचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं हाय, त्येवढं बदला." त्याने माझा हात हातात घेऊन नाडी बघितली आणि दाखला दिला. हात हातात घेतला हे मुद्दाम लिहिते. कारण पुढे येतंय.

कलम पहिले: घराच्या नावाबद्दल

आमच्या घराला गावात ढोंग्याचं घर म्हणतात. पोस्टमनही तेच म्हणतो. हे नाव माझ्या आजेसासऱ्यांमुळे पडलं. हिरामण त्यांचं नाव. मी लग्न होऊन आले तेव्हा ते दिवसभर ओट्यावर बसलेले असायचे, उजवा पाय वाळक्या शेंगेसारखा लोंबता, आणि येईल जाईल त्याला आपली कथा सांगायचे. ऐकून ऐकून माझी तोंडपाठ झाली.

इंग्रजाच्या वेळी घाटात एका ठेकेदाराचं खडी फोडायचं काम होतं. आजेसासरे त्या कामावर. तेव्हा मानमोडीची साथ आली. तापाने माणूस मान टाकायचा, म्हणून मानमोडी. एकाला जाळून परत यावं तर दुसरा तयार. यांनाही ताप आला. कामावरच्या दवाखान्यात कमरेला सुई टोचली. ताप उतरला आणि पाय गेला. सुई नको त्या शिरेला लागली असणार, असं माझी नात अपेक्षा सांगते. ती नर्स आहे.

आजेसासऱ्यांनी अर्ज केला, की आता खडी फोडता येत नाही, तर फाटकावर बसून करायचं काम द्या. मागणी तेवढीच. तपासायला एक गोरा साहेब आला आणि त्याच्या हाताखाली आपला देशी डॉक्टर. आम्ही तेव्हा महार. बौद्ध झालो ते पुढे छप्पनच्या दीक्षेनंतर. साहेबाला आमचा वास यायचा आणि आपल्या डॉक्टरला आमचा विटाळ व्हायचा. दोघांची जात वेगळी, पण अंतर सारखंच ठेवलं. ते वर ओसरीत टेबलाशी, हे खाली अंगणात.

"कुठला पाय?"

"ह्यो, सायेब."

डॉक्टरने समोरून बघितलं. वाईट पाय त्याच्या डाव्या हाताला दिसला, म्हणून त्याने डावा लिहिला. खाली उतरून एक बोट लावलं असतं तर चूक कळली असती. पण मग आंघोळ करावी लागली असती ना!

महिन्याभराने दुसरा साहेब तोच कागद घेऊन आला. डावा पाय दाबला. खांबासारखा. आजेसासरे हात जोडून म्हणाले, "सायेब, दुसरा बघा." साहेब म्हणाला, "कागदात दुसरा नाही." आणि शेरा मारला, ढोंगी. फाटकावरची नोकरी मुकादमाच्या मेव्हण्याला मिळाली. दोन्ही पाय शाबूत असलेल्या माणसाने जन्मभर बसून खाल्लं.

म्हणून मी हे नाव आमच्या घरावरून उतरवते आणि त्या दोन्ही डॉक्टरांचे जे कोणी वारस असतील त्यांना देऊन टाकते. न्यायला यावं. गाडीभाडं त्यांचं.

आजेसासऱ्यांची काठी, शिसवीची, अजून चांगली आहे. अपंगत्वाचे दाखले द्यायला जो बोर्ड बसतो त्याच्या टेबलावर ती ठेवावी. टेकायला नाही, बघायला.

कलम दुसरे: सुईबद्दल

त्या दिवसापासून आमच्या घरात कमरेला सुई कोणी घेत नाही. दंडाला घेतात, तीही भांडून. माझे मालक डॉक्टरकडे गेले की भिंतीला पाठ लावूनच बसायचे, जसा काही डॉक्टर मागून येणार. ही रीत मी मोडली आहे. कशी, ते खाली लिहिते.

कलम तिसरे: माझी नात अपेक्षा

माझा एकुलता एक मुलगा कमळाकर. त्याची ही एकच मुलगी. कोरोनात ती एका कोविड सेंटरवर कंत्राटी नर्स होती. तिथे तिला कोरोना झाला, बरा झाला, आणि त्यामागून ती काळी बुरशी आली. डावा डोळा काढावा लागला. आम्ही नुकसानीचा अर्ज केला. उत्तर आलं, की कंत्राट महिनाअखेर संपलं आणि बुरशी पुढच्या महिन्यात झाली, सबब कामाशी संबंध नाही. बुरशीला कॅलेंडर वाचता येत नाही, ही तिची चूक.

मग अपंगाचा दाखला काढायला गेलो. एक डोळा गेला म्हणजे तीस टक्के. सवलतीला चाळीस लागतात. मी तिथल्या माणसाला विचारलं, "बाकीचे दहा कुटून आनू? माझ्या मोतीबिंदूतले चालतील?" तो म्हणाला, "आजी, पुढच्याला येऊ द्या." डोळा बघितला मात्र त्यांनी बरोबर, डावा. शंभर वर्षांत एवढी सुधारणा झाली आहे, नाही कशाला म्हणू.

घरी आल्यावर पोरगी सुई हातात धरेना. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. चहा ओतताना ती किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवते, मग ओतते. म्हणाली, "आजी, माजं काम संपलं." तेव्हा मला ताकदीच्या सुया लिहून दिल्या होत्या. मी पालथी पडले आणि म्हटलं, "टोच."

"दंडाला देते गं आजी."

"दंडाला कशाला? घरान्याची अब्रू जिथून गेली, तितंच टोच."

"आनि पाय गेला तर?"

"तर फाटकावर बसायची नोकरी दे मला."

ती हसली, रडली, पुन्हा हसली. मग दोन बोटांनी जागा चाचपली, बराच वेळ चाचपली आणि टोचली. दुखलं. खोटं कशाला लिहू. पण संध्याकाळी मी विहारापर्यंत चालत गेले आणि येताना वाटेत भेटेल त्याला सांगितलं. आता गावातल्या चार म्हाताऱ्या तिच्याकडेच सुया घ्यायला येतात. कमरेलाच घेतात, फॅशन झाली आहे.

कलम चौथे: मोहोपाड्याचं स्थळ

कमळाकरने मोहोपाड्याच्या कारखान्यात नोकरी केली, तिथल्याच ओळखीतून त्याने एक बिजवर आणला. मुलगा, त्याची मावशी आणि मध्यस्थ, असे तिघे आले. मावशीने विचारलं, "रातचं दिसतं का? भाजीत केस पडला तर कळतो का?" बैल घेतानासुद्धा आमच्यात एवढं विचारत नाहीत. वर म्हणाली, डोळ्याचं आम्ही चालवून घेऊ, पण हे घर विकून मुलाच्या नावाने तिकडे फ्लॅट घ्यावा. मुंबईच्या पार्टीने आमच्या घराला भाव दिलेला आहे, त्यांना इथे शनिवार-रविवार डोंगर बघायला जागा पाहिजे. हे मावशीला अगोदरच माहीत. डोळे दोन्ही चांगले बाईचे.

अपेक्षा शांतपणे म्हणाली, "मुलाला दोन डोळे हायेत ना? मग मगापासून मोबाईलमधी काय शोदतायत?"

पाहुणे चहा अर्धा ठेवून गेले. कमळाकर चिडला. "आई, एका डोळ्याची पोर. उद्या आमी नसलो तर कोन बघल तिला?"

"ती बघल की तिचं. डोळा हाय तिला."

माझी सून सुप्रिया काही बोलत नाही. पण हे लिहायला बसले तेव्हा न मागता दोनदा चहा तिनेच आणून दिला. एवढं पुरे.

कलम पाचवे: घर

ग्रामपंचायतीत माझ्या नावावर असलेलं राहतं घर, तीन खोल्या, पुढचा ओटा, मागची न्हाणी, फणसाचं झाड आणि झाडाखालचा सगळा कचरा, हे मी माझी नात अपेक्षा कमळाकर सोनावळे हिला देत आहे. तिने लग्न केलं तरी तिचं, नाही केलं तरी तिचं. नवऱ्याच्या नावाने करू नये, मावशीच्या तर नाहीच. कमळाकर आणि सुप्रिया यांना मरेपर्यंत तिथे राहता येईल, तिच्या मर्जीने. पुढच्या खोलीत तिने सुया-ड्रेसिंग आणि रक्तदाब बघायचं सुरू करावं. पोस्टात माझे जे पैसे आहेत त्यातून माझा जलदान विधी साधा करावा, जेवण मात्र पोटभर द्यावं, आणि उरेल त्यातून एक चांगलं टेबल घ्यावं. टेबल भिंतीला लावावं. पेशंट आणि तिच्या मध्ये ठेवू नये.

कलम सहावे: साक्षीदार

वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. पहिली साक्षीदार माझी शेजारीण जयवंता. तिच्याकडे माझा पितळी हंडा होता, कमळाकरच्या बारशाला नेलेला. मी तिला म्हटलं, "हंडा तुज्याकडे राहिला तर तुला काय तरी मिळाल्यासारकं होतं. सही चालनार नाय." दुसऱ्या दिवशी हंडा दारात. घासून आणला होता. कायद्यात एवढी ताकद आहे हे अगोदर माहीत असतं तर मी मृत्युपत्र तरुणपणीच केलं असतं.

आता दुसरा साक्षीदार. कमळाकरला मी या मृत्युपत्राने काहीच देत नाही. हंडासुद्धा नाही. वकील म्हणाले, मुलाला वगळलं की मुलगा कोर्टात जातो. म्हणजे माझ्या मागे ही पोरगी पुन्हा कोणापुढे तरी उभी, आणि वर बसलेला तिला विचारणार, कुठला डोळा. ते मला नको आहे. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी कमळाकरसाठी ठेवली आहे. त्याने सही केली तर हा कागद पक्का. नाही केली तर दुसरं कोणी मिळेल, पण मग मला काय ते कळेल.

इथपर्यंतचं सगळं मी त्याला आज सकाळी वाचून दाखवलं, त्याच्याबद्दलचं सुद्धा. तो उठला आणि फणसाखालचा कचरा झाडून काढला. मग म्हणाला, "समद्यांवर लिवलंस. माज्याबद्दल एक चांगला शब्द नाय लिवलास."

मी म्हटलं, "खाली जागा ठेवलीय रं. आदी सही कर."

हे सर्व माझं आहे, माझ्या समजुतीने लिहिलं आहे, आणि लिहिताना मला फार मजा आली.

ठिकाण: कर्जत
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५

सही: पारूबाई रोहिदास सोनावळे

आमच्या देखत पारूबाईंनी सही केली. त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: जयवंता पोशा गायकर (अंगठा डावा. खरोखर डावा, मी स्वतः धरून बघितला. पारूबाई)

साक्षीदार २: कमळाकर रोहिदास सोनावळे, मुलगा

कमळाकरचं अक्षर फार सुरेख आहे.