धाकट्या जावेचा बिबट्या

३ डिसेंबर, सकाळी ६.१०
धाकट्या जावेने फॅमिली ग्रुपवर बिबट्या टाकला. अभयारण्यातला, फांदीवर पाय सोडून बसलेला. मागोमाग समुद्रकिनाऱ्यावरचे स्वतःचे अकरा फोटो. मी मोजले नाहीत, दिसले. यांनी तो बिबट्या मोबाइलच्या स्क्रीनवर लावला. माझा फोटो आजवर लावला नाही. मला हेवा मुळीच वाटत नाही. फोटो जरा हललेला आहे, एवढीच नोंद.

४ डिसेंबर
आपणही जायचं. आधी अभयारण्य, मग समुद्र. ती मिरवायला गेली होती, मी अभ्यासाला जाणार. हे म्हणाले, गाइड कोण घ्यायचा ते तिला विचारून घे. तिला विचारायचं? एकवीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी.

९ डिसेंबर
टाइमटेबल तयार. शनिवार, सकाळी ६ ते ९: बिबट्या. ९ ते ९.३०: राखीव. रविवार: सूर्यास्त. यांनी विचारलं, बिबट्याला कळवलंस का.

१९ डिसेंबर, सकाळी १०
जीपमध्ये मागच्या सीटवर एक कुटुंब, त्यांच्याशेजारी हे. अखंड बडबड, वर वेफर्सच्या पिशवीची चुरचुर. गाइड नुसता तोंडावर बोट ठेवतो. अशाने कुठे वर्ग शांत होतो? शेवटी मी उभी राहिले, मागे वळले आणि शाळेतल्या आवाजात एकदाच ओरडले, चूप! सगळे चूप. सगळे डोळे विस्फारून माझ्या खांद्यावरून पाहत होते. म्हटलं, जरब अजून आहे. वळून पाहते तर समोर नुसतं गवत हलत होतं. गाइड म्हणाला, बाई, पाण्यावर आला होता हो. बारा वर्षांत एवढ्या जोरात पळालेला पाहिला नाही.
शिस्तीचा परिणाम प्राण्यांवरही होतो. नोंद.

२० डिसेंबर, संध्याकाळी
ओहोटी. समुद्र पार लांब गेलेला. जावेच्या फोटोत तो तिच्या पायाशी होता. हे ओल्या वाळूत बसून मोबाइलकडे पाहून हसताहेत. विचारलं तर म्हणे, काही नाही.

२१ डिसेंबर, सकाळी ७
उलगडा झाला. यांनी जीपमध्ये फोटो काढला होता: बोट उगारलेली मी आणि माझ्यामागे शेपूट वर करून धूम ठोकणारा बिबट्या. फोटो जराही हललेला नाही. आता तोच स्क्रीनवर आहे. ग्रुपवरही. जावेने लिहिलं, वहिनी, आमचा नुसता बसून होता, तुम्ही तुमचा पळवलात! पुढच्या वेळी तरी आमच्याबरोबर चला. त्यावर नणंदेने लिहिलं, अगं, या वेळीही बोलावलं होतंस की, तर हीच रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणाली.
नोव्हेंबरचं पान काढून पाहिलं. म्हणाले होते मी. खाली रेघसुद्धा मारली आहे, पट्टी लावून.
जावेला कळवलं: तारीख सांग. मला मागची सीट चालेल.