अक्का शांत, बाजार शांत

८ सप्टेंबर, सोमवार

मार्चनंतर आज. माफ कर. रोज लिहीन असं वचन कधी दिलं नव्हतं, पण इतकं गप्प राहायचंही ठरलं नव्हतं. कामाची टिपणं चालू होती. हे तेवढं राहिलं.

निहार, माझा नवरा, गेला, ते इथे लिहायला हवं होतं. लिहिते. मार्चमध्ये, ऑफिसातून येताना, मेट्रोच्या जिन्यावर. हृदय. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचे बूट कुणीतरी नीट जोडीने ठेवले होते. मग सोलापूरला आईकडे होते. जूनपासून परत बंगळूर, परत अभ्यासासाठी महादेवपुऱ्याची कंपनी. रडू आलेलं नाही. आई म्हणते येईल. मी वाट बघत नाही.

आज सकाळी बादलीत विसण घालायला विसरले. कडकडीत पाणी अंगावर घेतलं आणि कळलंच नाही. पुसताना कातडी लाल दिसली तेव्हा कळलं. हे बरं लक्षण नसावं.

येताना रिक्षावाल्याने विचारलं, शेअर बाजारात काम करता, तर एखादी टिप द्या. म्हटलं, मी बाजार बघत नाही, बाजार बघणाऱ्या माणसांना बघते. 'अदक्के संबळ कोडतारा?' म्हणाला. त्याचा पगार देतात? देतात म्हटलं. 'सरी,' म्हणजे बरं, एवढं म्हणून गप्प झाला. माझ्या कामाचं इतकं थोडक्यात मूल्यमापन विद्यापीठातही कुणी केलं नव्हतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

मंगळवारी आठवड्याच्या सौद्यांची मुदत संपते, म्हणून खोलीत जास्त ताण. मी नेहमीच्या खुर्चीत, खांबाला लागून. तिथून सगळी टेबलं दिसतात.

या कंपनीचा धंदा एका वाक्यात सांगायचा तर — काही होणार नाही, यावर पैसे लावायचे. विमा विकल्यासारखं. ज्यांना भीती वाटते ते विकत घेतात, हे विकतात. दिवस सपाट गेला की नफा. त्यामुळे 'आज शांत आहे' असं त्या खोलीत कुणी म्हणत नाही. म्हटलं की बाजार बिघडतो, अशी श्रद्धा! आयआयटीतून आलेली मुलं. म्हणणाऱ्याला सगळ्यांना डोसे खिलवायचा दंड.

खरेदीविक्री यंत्रच करतं. माणसाने फक्त नजर ठेवायची. यंत्राला काही वावगं वाटलं की पडद्यावर पिवळी पट्टी येते. ज्याची पाळी असेल त्याने बटण दाबून यंत्र थांबवायचं. नाही दाबलं, तर माणसाने पाहिलं आहे आणि त्याला मान्य आहे, असं यंत्र समजतं आणि पुढे जातं. गप्प राहणं म्हणजे होकार. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या बटणावर आहे.

आमच्या समाजशास्त्राचं जुनं म्हणणं असं, की बाजार म्हणजे नुसते आकडे नव्हेत, एकमेकांकडे बघणारी माणसं. दलाल समोरासमोर ओरडायचे तेव्हा आवाजावरून कळायचं कोण घाबरलंय. आता ओरडणं गेलं. मग माणसं कुणाकडे बघतात? हा माझा प्रश्न.

जूनपासून याला एक विचित्र उत्तर मिळतंय. ती माझ्याकडे बघतात.

आधी वाटलं भास. मग मोजायला लागले. दर थोड्या वेळाने कुणीतरी मान वळवतं, माझा चेहरा बघतं, परत पडद्याकडे. एकदा नागपूरचा शुभंकर — डेस्कवरचा सगळ्यात बडबड्या — म्हणाला, 'अक्का म्हणजे आमचं हवामान खातं. अक्का शांत, बाजार शांत.' सगळे हसले. भार्गवी, त्यांची प्रमुख, मूळची खानापूरची, तिने त्याला दटावलं — 'ए, तो शब्द बोललास. डोसे.' त्याने मागवले.

म्हणजे निरीक्षकच उपकरण झाला. मी दगडासारखी बसते, काही वाटत नाही म्हणून. आणि ते त्या दगडावरून अंदाज बांधतात. हे लक्षात आलं तेव्हा मला किंचित आनंद झाला होता. कित्येक महिन्यांत तेवढाच. तो मी टिपणात लिहिला नाही, म्हणून इथे लिहिते.

निहारबद्दल तिथे कुणाला सांगितलेलं नाही. अभ्यासाच्या जागी स्वतःचं आणू नये.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज काही झालं नाही. (तिथे बोलले असते तर सगळ्यांचे डोसे.)

१६ सप्टेंबर, मंगळवार

जेवणानंतर एका बँकेबद्दल अफवा उठली. नंतर विरली, पण तोवर बाजार घसरला होता. पाळी शुभंकरची होती. पिवळी पट्टी आली, त्याने बटण दाबलं नाही. यंत्र विकत राहिलं. तोटा मोठा आहे. किती ते कुणी मोठ्याने बोललं नाही.

जसं दिसलं तसं लिहिते. मी मशीनचा चहा घेऊन नुकतीच बसले होते. पट्टी मला दिसली. शुभंकरच्या आधी दिसली. तो त्याच क्षणी खुर्चीतून उठला, माझ्याकडे वळला आणि 'अक्का' असं काहीतरी म्हणाला. नजर माझ्यावर, पाठ पडद्याला. माझा चेहरा हलला नसणार. तो कधीच हलत नाही. भार्गवी धावत त्याच्या टेबलाशी गेली, तोवर उशीर झाला होता.

मी 'पट्टी' एवढं म्हणू शकले असते. निरीक्षकाने मध्ये पडायचं नसतं. पण मी त्या नियमामुळे गप्प राहिले का? खरं सांगायचं तर मला नियम आठवलाही नव्हता. मला काहीच झालं नाही. समोर काच असावी तसं पाहत राहिले.

कुर्त्याच्या बाहीवर चहाचा मोठा डाग. कप नंतर माझ्या हातात नव्हता. डाव्या मनगटावर फोड आला आहे — सकाळी विसण परत विसरले असेन.

१७ सप्टेंबर, बुधवार

कंपनीने समिती नेमली. प्रमुख रघुपती, जोखीम विभागाचे. सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, 'मॅडम, स्वल्प मदत करा. सगळे आपापली बाजू सांगणार. तुम्हीच एक न्यूट्रल. काय दिसलं ते दोन परिच्छेदांत द्या.' सोमवारी निर्णय. शुभंकरचं काम जाणार की राहणार, एवढाच.

'तो काय म्हणतो?' मी विचारलं.

'लक्ष नव्हतं म्हणतो. बस्स. का नव्हतं विचारलं तर मान खाली.'

माझी निरीक्षणं व्यवस्थापनाला देणार नाही, असं मी सुरुवातीलाच सगळ्यांना लिहून दिलं आहे. तसं सांगितलं. ते म्हणाले, 'सरी. मग लक्ष नव्हतं एवढंच धरू आम्ही.' निष्काळजीपणा ठरला की पुढे दुसरीकडेही कुणी पाळीवर बसवणार नाही त्याला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शुभंकरला खाली चहाच्या टपरीवर भेटले. बॅग पाठीलाच होती, लॅपटॉप काढून घेतलेला. मी विचारलं, 'मी जे पाहिलं ते समितीला देऊ का? तुझी परवानगी असेल तरच.'

'काय पाहिलं तुम्ही?'

'तू माझ्याकडे पाहत होतास.'

त्याने बॅगचा पट्टा वर ओढला. मग म्हणाला, 'द्या ना अक्का. जे दिसलं ते द्या. तुम्ही काय खोटं लिहिणार आहात होय.'

'तुला काही सांगायचं आहे?'

'नाही.' मग एकदम, 'तुमचं जेवण झालं का पण?'

मला हसू यायला हवं होतं. तीन वर्षं घर सोडून राहिलेला मुलगा, नोकरी जायच्या बेतात, आणि माझ्या जेवणाची चौकशी. मुलाखत टाळायची जुनी रीत — विषय बदलणे. टिपणात तसं नोंदवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दिलं. परवानगी मिळाली होती, म्हणजे रीतसर. आणि हेतू चांगला होता, असं मला वाटतं — हेतूबद्दल माझी खात्री कधीच नसते. तो एकटा दोषी नाही, हे मला दाखवायचं होतं. लिहिलं, की जून महिन्यापासून सगळ्या डेस्कला निरीक्षकाच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायची सवय लागली आहे. घटनेच्या क्षणी शुभंकरने तेच केलं. ही एका माणसाची हलगर्जी नसून गटाची कार्यपद्धती आहे. वाक्य चांगलं जमलं होतं. प्रबंधाच्या प्रकरणातूनच उचललं.

देताना एक शंका आली. हे मी त्याच्यासाठी लिहितेय, की प्रकरणासाठी? दोन्ही, असं उत्तर काढलं आणि ईमेल पाठवून दिली.

२० सप्टेंबर, शनिवार

रघुपतींचा फोन. आवाज आजही चढला नाही, पण थंड होता. 'पडदा सोडून मॅडमचा चेहरा बघून काम करतात? आम्हाला हे माहीत नव्हतं. आता शुभंकरचा तर प्रश्नच मिटला. भार्गवीलाही विचारावं लागेल.'

मी म्हटलं, माझा मुद्दा तो नव्हता. ते म्हणाले, 'मुद्दा समजला, मॅडम. फार स्पष्ट लिहिलंय.'

भात करपला. वास शेजारच्या कावेरीअम्मांना आधी आला. त्यांनी बेल वाजवली, तेव्हा गॅस बंद केला.

मी आणखी काय पाहायला हवं होतं? जूनपासूनची टिपणं परत वाचली. कोणी केव्हा पाहिलं, सगळं आहे. पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते एकदाही लिहिलेलं नाही. नजर त्यांची, आणि वर्णन सगळीकडे माझ्या चेहऱ्याचं. ही पद्धतीतली चूक आहे. ती दुरुस्त कशी करायची कळत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

भार्गवी आली. जयनगरचं माझं घर शोधत आलेली. चप्पल न काढता दारातच म्हणाली, 'हात दाखवा.'

दाखवला. मनगटावरचा फोड फुटून ओला झाला होता. तिने पर्समधून मलम काढलं.

'उकळता चहा होता अक्का. कप कलंडला, सगळा हातावर, आणि तुम्ही समोर बघत बसलाय. शुभंकर उठला ते कप घ्यायला. घेतला पण. बटण राहिलं.'

निहारचं त्यांना मेपासून माहीत होतं. मी येत नव्हते म्हणून तिने माझ्या विद्यापीठात फोन केला होता. 'तुम्ही सांगितलं नाही, म्हणून आम्हीबी काढलं नाही. आळीपाळीने तुमच्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं. तुमच्या चेहऱ्यावर कशाला धंदा करतोय आम्ही? हवामान खातं म्हणे — तो तर काहीही बोलतोय की, तुमच्या ध्यानात येऊ नये म्हणून.'

'समितीला त्याने का नाही सांगितलं?'

'तुमच्या घरचं तो कसं सांगणार?'

मलम झोंबलं. खूप झोंबलं.

उद्या: समिती बसायच्या आत महादेवपुऱ्याला पोचून रघुपतींना मनगट दाखवणे.