काल तू मान डोलावलीस

मनस्वी,

काल तुझी बातमी कामोठ्यात सगळ्यांनी बघितली. वृद्धाश्रमाचे संचालक म्हणाले, "कोरोनात प्रत्येकाला आईसारखं जपलं." माईक धरून तू मान डोलावलीस.

तुझी आजी तिथेच गेली. शेवटच्या फोनवर मला म्हणाली, "पानी मागतलं का हात बांधतान, बाय." हे मी तुझ्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं. आणखी चार घरांनी आपापल्या माणसांचं सांगितलं. तुम्ही आमचे रडके चेहरे तेवढे दाखवलेत, आवाज बंद करून. "वरच्यांनी कापलं गं, आत्या," म्हणालीस.

हे पत्र पाठवणार नाही; तुझी नोकरी नवी आहे. पण पितृपक्षात आजीच्या पानाशेजारी पाणी तू ठेवतेस ना? यंदा ठेवू नकोस. मी ठेवीन.

अजून तरी तुझीच,
वेणूआत्या